बायबलमधील निषिद्ध विवाहसंबंध आणि मराठवाड्यातील मामेबहिणीशी विवाहाची चाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विवाहसंस्थेचा इतिहास हा घटक शिकवीत असताना काही वर्षांपूर्वी बी.ए. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. ती नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील एका गावातील ख्रिस्ती कुटुंबातील होती. तिच्या थोरल्या भावाचा विवाह सख्ख्या मामाच्या मुलीशी ठरत आला होता. गावातील मंडळीच्या एका वडीलधाऱ्या सभासदाने मात्र 'हा विवाह बायबलला मान्य नाही, ही आपली जुनी चाल आता सोडली पाहिजे' असे सांगून त्यास हरकत घेतली होती. 'सर, बायबलमध्ये खरेच तसे लिहिले आहे का?' एवढाच तिचा प्रश्न होता. त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत शोधनिबंधात ते देण्याचा प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न एका कुटुंबापुरता मर्यादित नाही. मराठवाड्यात भाच्याचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानण्याची चाल जातीजातींत रुजलेली आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांमधील संक्रमणाचा प्रदेश असल्याचे दाखवून दिले आहे. उत्तरेत मामेबहीण ही बहीणच होय. दक्षिणेत मामेबहीण, आतेबहीण आणि अनेक समाजांत सख्ख्या बहिणीची मुलगीदेखील वधू म्हणून चालते. मराठी समाजाने यातील एकच वाट विशेष पसंत केली : मुलाने मामाची मुलगी करावी, आत्याची करू नये. एकदा घरातून गेलेली वेल परत त्याच घरात येऊ नये, अशी त्यामागील भावना खेड्यांतून आजही ऐकावयास मिळते.

या चालीचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या भाषेतच आहे. मराठी सून सासऱ्यास 'मामंजी' आणि सासूस 'आत्याबाई' म्हणते. आत्याच्या यजमानांस मामा म्हणण्याची रीतही अनेक भागांत आहे. म्हणजे सासू ही आत्या आणि सासरा हा मामा असे गृहीत धरूनच ही संबोधने बनली आहेत. ज्या कुटुंबांनी ही चाल कधीच सोडून दिली, त्यांच्या बोलण्यातही ती अशी टिकून राहिली आहे.

याकोबाचे मामाघर

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात कुलपित्यांच्या कथा येतात. त्यांतील विवाहसंबंध पाहिले असता मराठवाड्यातील वाचकास ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटते. इसहाक आपला मुलगा याकोब यास कनानी मुलींशी विवाह न करता मामा लाबान याच्या मुलींपैकी एकीशी विवाह करण्याची आज्ञा देतो (अध्याय २८). याकोब हारानास पोहोचतो, विहिरीवर त्याची राहेलशी भेट होते. या प्रसंगाच्या मूळ हिब्रू संहितेत 'त्याच्या आईचा भाऊ' हे शब्द एकाच वचनात तीन वेळा आले आहेत (अध्याय २९, वचन १०). कथाकारास हे नाते ठसवावयाचे आहे, यात शंका नाही. इंग्रजीत मामा, काका, आत्याचे यजमान या सर्वांस एकच शब्द असल्याने इंग्रजी वाचकास त्याचे मर्म सहज लक्षात येत नाही. मराठीत मात्र 'मामा' या एका शब्दात ते येते. मराठीत संपूर्ण बायबल १८४७ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी ही कथा प्रथम ऐकणाऱ्या खेडूत श्रोत्यास याकोबाचे वागणे विचित्र वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

पुढील तपशीलही असेच परिचित आहेत. मुलगी परक्या माणसास देण्यापेक्षा तुलाच दिलेली बरी, या आशयाचे उत्तर लाबान देतो. आपल्याकडील मामा सोयरीक जुळविताना याहून वेगळे काही बोलत नाही. थोरल्या लेकीच्या आधी धाकटीचे लग्न आमच्याकडे होत नसते, असे सांगून तो राहेलऐवजी लेआस याकोबाच्या पदरी घालतो. याकोबाजवळ वधूमूल्य नसल्याने तो दोन्ही मुलींसाठी चौदा वर्षे आणि पुढे कळपासाठी सहा वर्षे अशी एकूण २० वर्षे मामाच्या घरी राबतो. आपल्याकडील घरजावयाची स्थिती याहून फारशी वेगळी नसते.

इतर उदाहरणे याहून जवळच्या नात्यांची आहेत. सारा ही आपल्या बापाची मुलगी, परंतु आपल्या आईची नव्हे, असे अब्राहाम स्वतःच सांगतो (उत्पत्ती २०:१२). इसहाकाची पत्नी रिबका ही त्याच्या चुलतभावाची मुलगी होती. एसावाने इश्माएलाची मुलगी, म्हणजे आपली चुलतबहीण, वरली. मोशेचा पिता अम्राम याने तर आपल्या आत्याशी, योखबेदशी विवाह केला (निर्गम ६:२०). आणि सलाफहादाच्या पाच मुलींना वडिलांची वतनजमीन मिळाली, तेव्हा ती जमीन वंशाबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी चुलतभावांशी विवाह केले (गणना, अध्याय ३६). या शेवटच्या प्रसंगाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण नात्यातील विवाहाचे कारण म्हणून जमिनीचा इतका स्पष्ट उल्लेख प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडतो.

लेवीय यादीचे स्वरूप

निषिद्ध संबंधांची मुख्य यादी लेवीय या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात आहे. विसाव्या अध्यायात त्याच विषयाची शिक्षांसह पुनरुक्ती होते आणि अनुवादाच्या २७ व्या अध्यायातील शापवचनांतही त्यांपैकी काही संबंध येतात. आई, सावत्र आई, सख्खी व सावत्र बहीण, नात, आत्या, मावशी, चुलती, सून, भावजय, एक स्त्री व तिची मुलगी किंवा नात, आणि पत्नी जिवंत असताना तिची बहीण, असे या यादीचे स्थूल स्वरूप आहे.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे थेट उत्तर येथे मिळते. या यादीत मामाची मुलगी नाही. आत्याची, काकाची वा मावशीची मुलगीही नाही. पुढील नव्या करारातही अशा विवाहाचा निषेध नाही. तेथे येणारी दोन्ही उदाहरणे वेगळ्या नात्यांची आहेत : हेरोदाने जिवंत भावाची पत्नी ठेवून घेतली म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने त्यास दोष दिला, आणि करिंथ येथील एका इसमाने बापाची पत्नी ठेवली म्हणून पौलाने त्या मंडळीची कानउघाडणी केली.

यादी बारकाईने वाचली असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तीतील जवळपास निम्मी नाती रक्ताची नाहीतच. चुलती, सून, भावजय, सावत्र आई ही सर्व लग्नाने घरात आलेली माणसे होत. दुसरीकडे, मावशी व भाचा हा संबंध निषिद्ध असला तरी मामा व भाची या संबंधाचा उल्लेख नाही. रक्ताच्या दृष्टीने ही दोन्ही नाती सारखीच जवळची आहेत. यावरून या यादीमागील विचार आजच्या अर्थाने आनुवंशिकतेचा नव्हता, असे म्हणावे लागते. एका तंबूत, एका वाड्यात, एका कर्त्या पुरुषाच्या अधिकाराखाली राहणाऱ्या माणसांमध्ये लैंगिक स्पर्धा निर्माण होऊ नये, घरातील स्त्रियांना घरातल्याच पुरुषांपासून अभय मिळावे, हा तिचा हेतू अधिक संभवतो. दावीदाच्या घरात अम्नोनाने सावत्र बहीण तामार हिच्यावर केलेला अत्याचार आणि त्यातून पेटलेले भाऊबंदांचे वैर (२ शमुवेल, अध्याय १३) वाचले म्हणजे अशा नियमाची गरज कोठून आली असावी, हे समजते.

लेवीय नियमांच्या कसोटीवर अब्राहाम, याकोब व अम्राम हे तिघेही उतरत नाहीत. सावत्र बहीण, हयात पत्नीची बहीण व आत्या ही तिन्ही नाती पुढे निषिद्ध ठरली. म्हणजे ज्याच्या हातून हा नियम दिला गेला असे परंपरा मानते, त्या मोशेचा जन्मच त्या नियमानुसार निषिद्ध ठरणाऱ्या विवाहातून झाला. संहितेच्या संपादकांनी या कथा गाळल्या नाहीत किंवा नाती बदललीही नाहीत, ही त्यांची प्रामाणिक बाजू मान्य करावयास हवी. तसेच भावजय निषिद्ध असली तरी भाऊ निपुत्रिक वारल्यास त्याच्या विधवेशी दिराने विवाह करावा, अशी आज्ञा अनुवादाच्या २५ व्या अध्यायात आहे. नियम व अपवाद यांची ही सांगड धर्मशास्त्राच्या भारतीय अभ्यासकास नवी वाटणार नाही.

मामा-भाचीच्या मौनावरून यहुदी परंपरेतच मतभेद झाले. मृत समुद्राकाठच्या पंथाच्या, दमास्कस दस्तऐवज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाने असे प्रतिपादिले की नियम पुरुषांना उद्देशून लिहिलेला असला तरी तो स्त्रियांनाही तितकाच लागू आहे. मावशी निषिद्ध असेल तर मामाही निषिद्धच. तालमूदमध्ये मात्र बहिणीच्या मुलीशी विवाह करणाऱ्याची प्रशंसा केलेली आढळते. देगलूर, बिलोली, उदगीर या तालुक्यांच्या पलीकडे तेलुगू व कन्नड मुलखात सख्ख्या भाचीशी विवाह रूढ आहे आणि सीमेवरील गावांना तो अपरिचित नाही. जो वाद तेथे पारावर चालतो, त्याच्या दोन्ही बाजू दोन हजार वर्षांपूर्वी मांडल्या गेल्या होत्या. कुराणाने (४:२३) यादीत भाची व पुतणी यांचा स्पष्ट समावेश करून हा प्रश्न निकालात काढला आणि चुलत, आते, मामे, मावस ही चारही नाती विवाहास मोकळी ठेवली.

विज्ञानेश्वराची व्याख्या व दक्षिणेचा आचार

हा ऊहापोह केवळ पश्चिम आशियातच झाला असे नाही. आपल्या प्रदेशाने त्यात मोलाची भर घातली आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेचे म्हणून जे पाच विशिष्ट आचार सांगितले आहेत, त्यांत मामाच्या व आत्याच्या मुलीशी विवाह हे दोन आहेत. ज्या देशाचा तो आचार आहे तेथे तो दोषास्पद नाही, इतरत्र केल्यास दोष आहे, असा त्यांचा आशय. मनुस्मृतीने मात्र अशा संबंधास चांद्रायण प्रायश्चित्त सांगितले.

चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरा टीका कल्याणी येथे लिहिली. हे कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतच्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण होय. 'सपिंड' या शब्दातील पिंड म्हणजे श्राद्धातील भाताचा पिंड, असा अर्थ तोपर्यंत अनेक जण करीत. विज्ञानेश्वराने पिंड म्हणजे शरीर असा अर्थ केला. एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात उतरले ते सपिंड. हे सापिंड्य पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत मोजावे. लेवीय यादीत न सापडणारा शरीरसंबंधाचा विचार बाराव्या शतकाच्या सुमारास येथून जवळच इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती.

परंतु विज्ञानेश्वराची गणना लागू केली तर त्याच्या भोवतालच्या मुलखातील असंख्य विवाह निषिद्ध ठरतात. ते थांबले नाहीत. चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवरील टीकेत मातुलकन्येशी विवाहाचे समर्थन केले. अर्जुनाने मामा वसुदेव याची मुलगी सुभद्रा वरली. कृष्णपुत्र प्रद्युम्नाने विदर्भातील आपला मामा रुक्मी याची मुलगी वरली. अशी उदाहरणे समोर असता परंपरेचे मौन कितीसे टिकणार? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या वादाचा विस्तृत परामर्श घेतला आहे. देशस्थांत ही चाल मान्य आणि कोकणस्थांत निषिद्ध, असा भेद महाराष्ट्रातील ब्राह्मणांतच राहिला.

बेथेल आणि स्कॉटलंडचा कायदा

मग 'बायबलला मान्य नाही' ही समजूत आली कोठून? तिचे मूळ बायबलमध्ये नसून युरोपातील चर्चच्या इतिहासात आहे. मध्ययुगीन चर्चने निषिद्ध नात्यांचा परीघ सातव्या पायरीपर्यंत वाढविला. त्याचे पालन अशक्य होऊ लागले, तेव्हा १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने तो चौथ्या पायरीवर आणला. तरीही आजच्या भाषेत दूरचे चुलत-मावस म्हणावेत असे नातेवाईक त्यात येत. जॅक गुडी या मानवशास्त्रज्ञाने १९८३ साली असे मत मांडले की नात्यातील विवाह, दत्तक व विधवेचा पुनर्विवाह यांना अडथळा केल्याने कुटुंबांना वारस उरेना व त्यांची मालमत्ता चर्चकडे वळू लागली. हे मत सर्वांना मान्य नाही. तथापि सलाफहादाच्या मुलींची कथा आठवली की त्यातील तर्क दुर्लक्षिण्यासारखा वाटत नाही. रोमन कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या संहितेत (नियम १०९१) सख्ख्या भावंडांच्या मुलांमधील विवाह अद्याप निषिद्ध आहे. मात्र धर्मप्रांताचे बिशप त्यास सूट देऊ शकतात. जी गोष्ट ईश्वरी नियमाने निषिद्ध आहे तिला सूट देता येत नाही, असे त्या चर्चचेच मत असल्यामुळे हा निषेध चर्चने घातलेला आहे, हे उघड होते.

धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पंथांनी हा परीघ पुन्हा लेवीय यादीपाशी आणला. इंग्लंडमध्ये आर्चबिशप पार्कर यांच्या १५६३ च्या कोष्टकात मामेबहीण वा चुलतबहीण नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ साली एमा वेजवुड हिच्याशी विवाह केला. ती त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी होती, आणि चर्चची त्यास कोणतीच आडकाठी नव्हती. पुढे स्वतःच्या मुलांच्या आजारपणाने अस्वस्थ झालेल्या डार्विन यांनी १८७१ च्या जनगणनेत अशा विवाहांविषयी प्रश्न घालावा म्हणून खटपट केली. पार्लमेंटने ती सूचना फेटाळली. स्कॉटलंडमध्ये १५६७ च्या कायद्यांनी लेवीय १८ वा अध्याय हाच प्रमाण मानला व भावंडांच्या मुलांमधील विवाह वैध ठरविला.

स्कॉटलंडचा हा उल्लेख मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. तीत मुख्यतः मातंग व इतर दलित समाजांतील कुटुंबे होती. वसाहतीचे नाव त्यांनी बेथेल ठेवले. उत्पत्तीच्या कथेनुसार बेथेल म्हणजे याकोबाने दगड उशाला घेऊन रात्र काढली ती जागा. तो तेव्हा मामाच्या घरी, मामाची मुलगी करावयास निघाला होता. नाव ठेवताना शेषाद्रींच्या मनात देवाचे घर हाच अर्थ असणार. तरीही ज्या मिशनने मराठवाड्याला हे नाव दिले, त्याच्या मायदेशी अशा विवाहास कायद्याने मुभा होती, हे नोंदवून ठेवावे असे आहे.

कायद्याची बाजू मात्र गुंतागुंतीची आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ व बहीण यांच्या मुलांमधील विवाह निषिद्ध नात्यांत घातला, परंतु उभय पक्षांच्या रूढीस मान्य असल्यास तो वैध ठेवला. मराठवाड्यातील हिंदू कुटुंबांचे असे विवाह या एका अपवादावर उभे आहेत. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात निषिद्ध नात्यांची यादीच नाही. व्यक्तिगत कायद्याने निषिद्ध असलेला विवाह या कायद्यामुळे वैध होत नाही, एवढेच त्याचे ८८ वे कलम सांगते. १८६९ च्या घटस्फोट कायद्याचे १९ वे कलम निषिद्ध नात्यातील विवाह रद्दबातल ठरविण्याची तरतूद करते, पण ती नाती कोणती हे सांगत नाही. परिणामी कुटुंब ज्या चर्चचे सभासद असेल त्याच्या नियमावर सर्व अवलंबून राहते. एकाच गावातील, एकाच मूळ जातीतील दोन ख्रिस्ती घरांना या बाबतीत दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात. बायबल मात्र दोघांचे एकच असते.

वैद्यकीय बाजू

येथवरचे विवेचन वाचून अशा विवाहाचे समर्थन करावयाचे आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. मामे-आते भावंडांत सरासरीने जनुकांचा आठवा हिस्सा समान असतो. त्यांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळात एक असते. मामा-भाचीच्या अपत्यात ती आठात एक होते. थॅलेसेमियासारखे रोग अशाच मार्गाने प्रकट होतात. गंभीर जन्मजात दोषाचा धोका सर्वसाधारण जोडप्यांत शेकडा दोन ते तीन मानला जातो, सख्ख्या भावंडांच्या मुलांच्या विवाहात तो सुमारे दुपटीपर्यंत जातो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत सोयरीक होत राहिली तर तो याहूनही वाढतो. गावातील वडीलधाऱ्यांनी ही कारणे सांगून हरकत घेतली असती तर ती योग्यच ठरली असती. त्यासाठी शास्त्रवचनाचा आधार घेण्याची गरज नव्हती, आणि तो आधार तेथे नाहीही.

मुलीचा होकार

या सर्व चर्चेत एका बाजूकडे दुर्लक्ष होते. अब्राहामाचा सेवक रिबकेस मागणी घालावयास येतो, तेव्हा तिचे भाऊ व आई मुलीला बोलावून तिलाच विचारू असे म्हणतात. या माणसाबरोबर जाशील का, असे तिला विचारले जाते व ती होकार देते (उत्पत्ती २४). एका पिढीनंतर तिचाच भाऊ लाबान आपल्या मुलींना काही विचारीत नाही. पुढे याकोब हारान सोडण्याचे ठरवितो तेव्हा राहेल व लेआ या दोघी म्हणतात की बापाने आम्हांस विकले आणि आमचा पैसाही खाऊन टाकला (अध्याय ३१, वचन १५). मामाच्या मुलीच्या बाजूने उच्चारलेले हे शब्द बायबलच्या इतर कोणत्याही कुलकथेत सापडत नाहीत. भाच्याच्या हक्काविषयी आपल्याकडे वर्षानुवर्षे इतके बोलले गेले आहे. मुलीस त्याविषयी काय वाटते, याची नोंद त्या मानाने नगण्य आहे.

वर उल्लेखिलेली विद्यार्थिनी पुढील सत्रात पुन्हा भेटली. लेवीय १८ व्या अध्यायाची यादी तिला दाखविली, तेव्हा तिने ती वहीत उतरवून घेतली. भावाचा विवाह मात्र मोडला होता. तो वडीलधाऱ्यांच्या हरकतीने मोडला नव्हता. मामाची मुलगी तेव्हा लातूर येथे परिचारिकेचे शिक्षण घेत होती. बैठकीच्या आदल्या रात्री तिच्या आईने तिला पहिल्यांदाच विचारले, आणि ती नाही म्हणाली.